एक की नऊ

४ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. खुशाली शेवटी लिहिते, ती दोनच ओळींची आहे. आधी माझं रडगाणं ऐका. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी 'प्रिंटर' म्हटलं तर तुम्ही विचारलंत, "मंत्री कशाला आला तिथे?" तुमच्या लेकीने मध्ये पडून समजावेपर्यंत माझा घसा बसला. पत्रच बरं, त्यात तुमचे कान आडवे येत नाहीत.

तर वाचनालयात लागून मला आज बारा दिवस झाले. तुम्ही एकतीस वर्षं ज्या खिडकीशी बसून पुस्तकांच्या पाठीवर टाकाने आकडे लिहिलेत, तिथेच ते यंत्र ठेवलंय. शिवणयंत्राच्या झाकणाएवढं आहे. आत लेबलांचं भेंडोळं घालायचं. प्रत्येक लेबलाच्या पोटात तिळाएवढी चिप असते आणि तिच्याभोवती बारीक तारेची नक्षी. मी पुस्तकाच्या पाठीवरचा तुमचा आकडा वाचून टाइप करायचा, मग यंत्र तो लेबलावर छापतं आणि त्याच वेळी चिपमध्येही लिहितं, अगदी न शिवता. ते लेबल मी पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचं. पुस्तक टेबलावरच्या काळ्या पाटीवर ठेवलं, की संगणक त्याचं नाव सांगतो. अशी चौदा हजार पुस्तकं करायची आहेत.

ऐकायला किती सोपं. पहिल्या दिवशी अर्धा आकडा या लेबलावर, अर्धा पुढच्या. यंत्राला म्हणे आधी लेबल कुठे संपतं ते शिकवावं लागतं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. बटण दाबून धरलं की ते चार-पाच लेबलं कोरीच बाहेर ढकलतं आणि मधल्या फटी चाचपून घेतं. हे मला कुठे माहीत? कोरी लेबलं धडाधड बाहेर यायला लागली की मला वाटायचं बिघडलं, आणि मी घाबरून वायर ओढायचे. दोन दिवस बिचारं शिकायला बसतंय आणि मी त्याला वर्गाबाहेर काढतेय.

ते एकदाचं जमलं, तर आता नवीनच. परवापासून लेबलांवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'व्हॉइड' छापून येतंय. मला वाटलं कंपनीचं नाव असेल. अकरा पुस्तकांना लावूनही टाकली. एकही काळ्या पाटीवर बोलत नाही.

ग्रंथपालबाई अजून काही म्हणालेल्या नाहीत. पंधरा मार्चपर्यंतची मुदत आहे. त्या दिवशी मला कायम करायचं की काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, ते ठरणार. ताई, एक्कावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा डबा घेऊन घराबाहेर पडतेय. तुम्ही शब्द टाकलात म्हणून पडतेय. मला हे काम हवंय, सरळच सांगते.

खुशाली: घरी सगळं ठीक. तुमचे भाऊ आता स्वतःचा चहा स्वतः करून पितात आणि त्याला चांगला म्हणतात.

तुमची धाकटी

९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र लेकीने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि 'व्हॉइड' आल्यावर तिला हसून ठसका लागला. अगं, व्हॉइड म्हणजे रद्द. यंत्र बिचारं ओरडून सांगतंय की हे वाया गेलं, टाकून दे, आणि तू ते पुस्तकाला मानाने लावतेस. ती अकरा आधी काढ. बाईंच्या हाती लागली तर माझ्या शब्दाचं काय होईल?

यंत्रातलं मला शष्प कळत नाही. पण एक सांग, परवापासून बिघडलं म्हणतेस, तर परवा काय बदललं? नवं भेंडोळं घातलंस का? मी टाकाचं टोक बदललं की पहिल्या दहा ओळी रद्दीवर लिहायचे. टोक नवं म्हणजे हाताला पुन्हा सगळं नवं. जुन्या टोकाची सवय नव्यावर चालवली की शाई फुटलीच म्हणून समज. तुझ्या यंत्रालाही पुन्हा काहीतरी शिकवावं लागत असेल.

आणि रडगाणं म्हणू नकोस त्याला. तू लग्न होऊन आलीस तेव्हा आमच्याकडच्या स्टोव्हला भ्यायचीस. आठ दिवसांत त्याची पिन तुझ्याशिवाय कोणाच्या हाती लागेना.

भावाला सांग, चहात साखर शेवटी घालत असेल तर तो चहा चांगला नाही.

ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. तुमचं पत्र लेकीच्या अक्षरात आलेलं बघून मला गंमत वाटली. चैन आहे बुवा तुमची, आपण झोपाळ्यावर बसायचं आणि लेखनिकाला मजकूर सांगायचा.

भेंडोळंच होतं. खोक्यावर बघितलं, जुन्या भेंडोळ्यात चिप लेबलाच्या मधोमध, नव्यात अर्धं बोट खाली. यंत्र आपलं जुन्या जागी चिप शोधतंय, त्याला काही सापडत नाही म्हणून रद्द, रद्द, रद्द. फटी शिकवायचं कॅलिब्रेशन वेगळं आणि चिप शोधायचं वेगळं, हे त्या जाड पुस्तिकेत चौऱ्याण्णवाव्या पानावर लिहिलंय. कोणी वाचावं म्हणून लिहिलेलं दिसत नाही. मी ते केलं. यंत्राने एक लेबल पुढे-मागे, पुढे-मागे केलं, कुत्रं जागा शोधतं तसं, आणि बसलं. व्हॉइड बंद.

मग काय विचारता. दीड दिवसात तीनशे बारा पुस्तकं. नवीन पुस्तकांपासून सुरुवात करा असं बाई म्हणाल्या होत्या, तीच जास्त जातात म्हणून. मी गुणगुणत चिकटवत होते. शुक्रवारी एक निवृत्त मास्तर मधमाश्यांवरचं पुस्तक घेऊन आले. पाटीवर ठेवलं, संगणक म्हणतो शिवणकाम. मास्तर म्हणाले, "मी शिवत नाही." मी शिवणकामाचं आणून ठेवलं, तर ते म्हणतंय घड्याळदुरुस्ती. सगळी तपासली. लेबलावर छापलेला आकडा बरोबर, पण चिपमध्ये दर वेळी आदल्या लेबलाचा आकडा. पहिलं पुस्तक मुकंच, आणि उरलेली तीनशे अकराही मागच्याचं नाव सांगतायत.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्या चिडल्या की असं करतात, तुम्हाला माहीतच असेल. मास्तरांनी मात्र मधमाश्या नेल्या, शिवणकाम म्हणून नोंद करून घेऊन.

यंत्रापुढे बसून मला रडू आलं, ताई. फार नाही, थोडंसंच.

तुमची धाकटी

२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

रडलीस ना, झालं मग. आता ऐक.

आमच्या वेळी लेबलांचा ताव यायचा, आठ लेबलं एकाखाली एक. पहिल्या वर्षी मी जोर लावून लिहायचे, टाकही शाईने भरभरून घ्यायचे. अक्षर ठसठशीत यावं म्हणून. तर व्हायचं काय, वरच्या लेबलाची शाई खालच्या शेजारणीच्या डोक्यावर उतरायची. आमच्या वेळचे ग्रंथपाल म्हणाले होते, अहो, तुम्ही एका वेळी दोन लेबलं लिहिताय. त्यांनी मला जोर कमी करायला सांगितला, शाई कमी घ्यायला सांगितली. एवढंच.

तुझं यंत्र न शिवता लिहितं म्हणतेस. मग ते कुठवर पोचतं ते कोणी ठरवलंय? इथे जोर जास्त झाला असणार. छपाई या लेबलावर आणि लिखाण मागून येणाऱ्या शेजारणीवर. जोर कमी करायची काही सोय आहे का ते विचार. नसेल तर मी चुकले आणि तू मला हस.

आणि दुसरं. तू चिकटवत सुटलीस, मध्ये तपासलं नाहीस, हे मला आवडलं नाही. मी दहा झाली की थांबायचे आणि खालून वर वाचायचे, मोठ्याने. वरून खाली वाचलं की डोळा पुढचा आकडा मनातच धरून चालतो, चूक दिसत नाही. उलटं वाचलं की प्रत्येक आकडा बघावाच लागतो. हे तुला आधी सांगायला हवं होतं, तेवढी चूक माझी.

तीनशे बारा म्हणजे काही डोंगर नाही. सोलून काढ.

ताई

१ मार्च

ती. ताई,

नमस्कार. तुम्हाला हसायची संधी मिळाली नाही. यंत्राच्या कंपनीतल्या माणसाला फोन केला आणि म्हटलं, याच्या लिहिण्याचा जोर कमी करता येतो का, शेजारणीवर उमटतंय. त्याने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, "मॅडम, असं कोणी विचारलं नव्हतं, पण हो, करता येतो." जोर सत्तावीसवर होता. एकेक पायरी उतरवत गेले, अकरावर पुन्हा व्हॉइड आला, म्हणून तेरावर ठेवला. आता प्रत्येक लेबल स्वतःचंच नाव सांगतं. ऐकून इतकं बरं वाटतं म्हणून सांगू.

तीनशे बारा लेबलं माझ्या केस वाळवायच्या यंत्राने गरम करून सोलली. तुमचे भाऊ दोन दिवस मदतीला आले. सोलताना ते पुस्तकं वाचत बसायचे, त्यामुळे मदत जेमतेमच, पण आले. आता दर दहांनंतर खालून वर, मोठ्याने. वाचनालयात शांतता राखा अशी पाटी आहे, तिच्याच खाली बसून मी ओरडते.

जुन्या भेंडोळ्यावर केलेली धरून नव्या पुस्तकांचा भाग संपला, बारा हजार आकड्यापासून पुढची सगळी, दोन हजार दोनशे. त्यात सव्वीस चुका निघाल्या आहेत. छापलेला आकडा आणि चिप एकच सांगतात, पण संगणक भलत्याच पुस्तकाचं नाव काढतो. १२११४ च्या जागी १२९१४ पडलंय, १३०१६ च्या जागी १३०९६, अशा. मी पुन्हा कॅलिब्रेशन केलं, छापायचं डोकं पुसलं, भेंडोळं बदललं. यंत्राची चूक नाही. त्या माझ्या टायपिंगच्या चुका आहेत. डोळे थकतात, बोट घसरतं, दुसरं काही नाही. बाईंना तसं सांगून मोकळी झाले.

त्यांनी तिथेच गणित मांडलं. दोन हजारांत सव्वीस, म्हणजे चौदा हजारांत दीडशेच्या वर. पंधराला त्या बाहेरच्या कंपनीच्या माणसालाही बोलावणार आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी सव्वा महिना एक काम केलं आणि मला ते येतं, हे काही कोणी काढून घेणार नाही. फक्त तुमच्या शब्दाचं वाईट वाटतं.

तुमची धाकटी

६ मार्च

प्रिय धाकटे,

हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर बघून घाबरू नकोस, तीन दिवस लागलेत लिहायला.

खोटं बोलायचं तर निदान आकडे देऊ नयेत, बाई. तुझं पत्र वाचून लेक म्हणाली, आई, कीबोर्डवर एक या टोकाला असतो आणि नऊ जवळजवळ त्या टोकाला. बोट घसरून एवढं लांब कसं जाईल? ती सहज बोलली. मी मात्र जेवले नाही त्या दिवशी.

तुला कळलंय ना? सव्वीसच्या सव्वीस चुका एक आणि नऊच्याच असणार. तू टाइप केलंस ते बरोबरच केलंस, पाठीवर दिसतं तेच. पाठीवर मी लिहिलंय ते चुकीचं दिसतं. शेवटच्या दोन वर्षांत माझा हात थरथरायला लागला होता. आपल्या एकाला जरा जास्तीचं वळण गेलं की त्याचा नऊ होतो. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहायचे. पुस्तक देताना तेव्हा नाव बघून नोंद व्हायची, पाठीवरच्या आकड्याकडे कोण बघतंय, म्हणून निभावलं. निवृत्तीआधी दीड वर्ष काम सोडलं ते लेकीकडे राहायचं म्हणून नाही. भावालाही सांगितलं नाही. फोन टाळते तो कानामुळे, पत्रं लेकीकडून लिहून घेते ती हातामुळे, आणि तुम्ही समजताय ताई झोपाळ्यावर बसून हुकूम सोडतेय.

तू मला वाचवायला स्वतःच्या डोळ्यांवर घेतलंस. मला राग आला आणि मग फार भरून आलं. पण हे चालायचं नाही. तुझी नोकरी माझ्या लाजेपेक्षा मोठी आहे.

बाईंना आजच वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात सगळं लिहिलंय आणि त्यांचं गणित चुकलंय हेही लिहिलंय. थरथर बारा हजाराच्या पुढची आहे, म्हणजे तू नेमकी केलीस तेवढीच पुस्तकं. त्याआधीची बारा हजार मी धडधाकट हाताने लिहिली आहेत आणि दर दहाला खालून वर वाचली आहेत. त्यात एक की नऊ असा प्रश्न एकदाही पडणार नाही. बाईंनी वाटेल तिथून पुस्तकं काढून बघावीत. या बाबतीत मला माझ्या हाताची खात्री आहे.

आता पुन्हा खोटं बोललीस तर बघ.

ताई

१७ मार्च

ती. ताई,

नमस्कार. पाया पडते आणि मग सांगते.

होय, मला कळलं होतं. तिसऱ्याच चुकीला कळलं. पण कसं लिहिणार? मुलांच्या पाटीवर उदाहरण म्हणून काढावेत असे तुमचे आकडे मी घरात आल्यापासून ऐकत आलेय. हात थरथरतो हे तुम्ही एकट्याने दोन वर्षं मनगट धरून सहन केलंत आणि आम्हाला पत्ता नाही. मी पत्र वाचलं आणि तुमच्या भावांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि बराच वेळ बाहेर व्हरांड्यात उभे राहिले.

पंधराला बाहेरच्या कंपनीचा माणूस आला, टाय वगैरे लावून. बाईंच्या पुढ्यात तुमचं पत्र होतं. त्यांनी ते बाजूला सारलं. उठल्या, मागच्या जुन्या कपाटांकडे गेल्या आणि मिळेल तिथून पुस्तकं काढायला लागल्या. ८९११, १९९, ११९१, मुद्दाम एक आणि नऊवालीच. दोनशे काढली. मला म्हणाल्या, "पाठीवरचा आकडा वाचा आणि करा. नाव बघायचं नाही."

मी नवं भेंडोळं घातलं. आधी फटी शिकवल्या, मग चिप शोधायला लावली, मग जोर तेरावरच आहे ना ते बघितलं. करताना एकदाही पुस्तिका उघडावी लागली नाही. दर दहांनंतर खालून वर वाचत गेले. टायवाला हसला. बाई हसल्या नाहीत. सगळी झाल्यावर त्यांनी स्वतः एकेक पुस्तक पाटीवर ठेवलं. दोनशेच्या दोनशे बरोबर निघाली, ताई. एकाही ठिकाणी एक की नऊ म्हणून थांबावं लागलं नाही. शाई पिवळी पडलीय, पण आकडा असा उभा आहे की काय सांगू.

टायवाल्याला बाईंनी चहा दिला आणि निरोप दिला. मला एप्रिलपासून कायम केलंय. मी तिथे नुसती मान हलवली. घरी येऊन मात्र तुमच्या भावांना तीन वेळा सगळं सांगितलं, त्यांनी तिन्ही वेळा ऐकलं.

आता बाईंचा निरोप. त्यांच्याच शब्दांत देते: "एक माणूस छापायला आणि चिकटवायला, आणि एक माणूस खालून वर वाचायला, असे दोघं लागतील. वाचणाऱ्याला हात लागत नाही आणि कानही लागत नाहीत. डोळे आणि आवाज लागतो. ताई दोन महिने येतील का, विचारा." त्या असंही म्हणाल्या की, त्या नव्या होत्या तेव्हा तुम्ही त्यांच्या शंभर चुका कोणाला न सांगता दुरुस्त केल्या होत्या.

खिडकीपाशी दुसरी खुर्ची ठेवून आलेय. या.

तुमची धाकटी

२२ मार्च

प्रिय धाकटे,

हेही माझ्याच हातचं, म्हणून थोडक्यात.

मला वाटलं होतं, त्या खोलीत मी आता पाय ठेवायची नाही. लेकीने बॅग भरली आहे. येते. रविवारी सकाळी अकराची गाडी आहे, भावालाही घेऊन ये. त्या गाडीची पायरी उंच असते, तेव्हा उतरताना माझा हात धर. आजवर कोणाला धरू दिला नाही. थरथरतोय असं म्हणू नकोस, मला माहीत आहे. नुसता धर.

ताई